वेदनांक चौदा

मिरजेत डॉ. भूपाल आवटींचं नाव होतं ते त्यांच्या बोटांमुळे. एक्स-रे हातात घ्यायच्या आधी ते दुखऱ्या जागेवर बोटं ठेवायचे, मान जरा कलती करायचे आणि हाड कुठं तडकलंय ते सांगायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी तीन-तीन तास उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया थांबवल्या आणि कामगार दुखापत मंडळाकडं स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक म्हणून नाव नोंदवलं.

हे काम दिसायला सोपं होतं. कारखान्यात कुणाला इजा झाली की कंपनीचा डॉक्टर म्हणायचा, विशेष काही नाही. कामगाराचा डॉक्टर म्हणायचा, हा माणूस कामातून गेला. मग मंडळ त्या माणसाला तिसऱ्याकडं पाठवायचं. तो तिसरा कुणाचाच नसायचा, म्हणून त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. आवटी हे फार मनापासून पाळायचे. तपासणीच्या दिवशी ते कंपनीच्या माणसाचा चहा घेत नसत आणि कामगारानं आणलेला पेढाही घेत नसत.

अडचण एकच होती. हाड मोडलेलं दिसतं, दुखणं दिसत नाही. पाठ धरलेला माणूस खरंच कळवळतोय की कळवळून दाखवतोय, हे शेवटी परीक्षकाच्या अंदाजावर जायचं. एका सुनावणीत विमा कंपनीच्या वकिलानं त्यांना याच मुद्द्यावर धरलं. एकाच कामगाराचं अपंगत्व आवटींनी चाळीस टक्के लिहिलं होतं आणि आधीच्या डॉक्टरनं दहा. हे चाळीस कुठून आले, असं वकिलानं विचारलं. आवटी म्हणाले की हातानं तपासून.

"डॉक्टर, तुमच्या बोटांचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं होतं?" वकिलानं विचारलं.

सगळं दालन हसलं. मंडळाच्या अध्यक्षांनीही मान खाली घालून हसू आवरलं. तो कामगार दावा हरला. आवटी घरी आले, जेवले, आणि त्या वाक्याबद्दल बायकोजवळ चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०३३ साली, मंडळानं सगळ्या परीक्षकांना वेदनालेखक दिला.

ते यंत्र एका मध्यम पेटीत मावायचं. कपाळावरून डोक्याभोवती बसणारा एक पट्टा होता. त्यातून मंद तांबडा प्रकाश कवटीच्या आत जायचा आणि मेंदूच्या पृष्ठभागावर कुठं रक्तातला प्राणवायू वाढतोय ते टिपून परत यायचा. पट्ट्यातले इलेक्ट्रोड मेंदूच्या लहरी नोंदवायचे. दुखऱ्या जागी एक चकती चिकटवायची. ती ठरलेला दाब आणि ठरलेली ऊब द्यायची. मग तीच चकती शरीराच्या न दुखणाऱ्या भागावर लावायची. दोन्ही वेळच्या प्रतिसादांतल्या फरकावरून यंत्र शून्य ते शंभर असा एक आकडा काढायचं. त्याला वेदनांक म्हणत. इथं सोंगाला जागा नव्हती, कारण यंत्र चकती दाबल्यानंतरचा सेकंदाचा पहिला एक तृतीयांश भाग बघायचं. माणसाला 'आई गं' म्हणायचं सुचायच्या आधीचा तो काळ.

नियम साधा होता. वेदनांक विसाच्या खाली आला तर कामगार पूर्वीच्याच कामाला योग्य. अहवालाच्या तळाशी 'परीक्षकाचा शेरा' असा एक रकाना होता. यंत्राचा आकडा परीक्षकाला पटला नाही तर त्यानं तिथं कारण लिहायचं. तसा शेरा आला की सुनावणी लागायची आणि परीक्षकाला उभं राहून वकिलांना उत्तरं द्यावी लागायची.

आवटींना यंत्राबद्दल सुरुवातीला शंका होती. ती हौसाबाई कोळेकरांमुळे गेली. हौसाबाई सूतगिरणीत कामाला होत्या. मान आणि खांदा दुखतो म्हणून त्यांनी काम सोडलं होतं, आणि दोन डॉक्टरांनी त्यांना ढोंगी ठरवलं होतं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. खुद्द आवटींनाही त्यांचं रडणं जरा जास्त वाटलं होतं. यंत्रानं एकाहत्तर दाखवले. हौसाबाईंना तो आकडा सांगितला तेव्हा त्या रडायच्या थांबल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "कुणाला तरी पटलं म्हणायचं."

त्या दिवसापासून आवटींनी यंत्रावर पूर्ण विसंबायला सुरुवात केली. त्यांना स्वतःलाही ते बरं वाटत होतं. आपण कुणावर अन्याय करत नाही आणि कुणी आपल्याला हसतही नाही.

दीड वर्षानं दस्तगीर शिकलगार त्यांच्यासमोर येऊन बसला. वय सेहेचाळीस. कुपवाडच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं तो ग्राइंडर चालवत होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगच्या कडा घासून साफ करायचं काम. दिवसाचे आठ तास हातात थरथरणारं यंत्र. अशा थरथरीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू मरतात, हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. पण एक्स-रेवर त्यातलं काही उमटत नाही.

दुखतं का, असं आवटींनी विचारलं. दस्तगीर म्हणाला, "साहेब, दुखायचं सोडा. हातात काय राहतच नाही."

आवटींनी त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांसाचा उंचवटा असतो तिथं खळगा पडला होता. नखं पांढुरकी होती. मनगटाच्या मध्यावर दाबलं तेव्हा दस्तगीरनं हात ओढून घेतला नाही, फक्त खांदा किंचित वर गेला आणि श्वास थांबला. शर्टाला साध्या बटणांच्या जागी टिच बटणं लावलेली होती. साधी बटणं त्याला लावता येत नसणार. बोटं ठेवल्यापासून अर्ध्या मिनिटात आवटींना कळलं की हा हात कामातून जातोय. अजून पुरता गेलेला नाही. आत्ता थांबवला तर थोडा वाचेल.

मग त्यांनी पट्टा बांधला, चकती लावली. यंत्रानं चौदा दाखवले. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा.

किती आलं, असं दस्तगीरनं विचारलं. आवटींनी आकडा सांगितला. शंभरातले का, असं त्यानं विचारलं. आवटी हो म्हणाले. दस्तगीरनं आपला हात उलटसुलट करून पाहिला, मग म्हणाला, "मशीनला कळत असेल."

तो बाहेर गेल्यावर आवटींनी अहवाल उघडला. तळाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. तिथं चार ओळी लिहायच्या होत्या. अंगठ्याचा स्नायू झिजला आहे, पकड कमी आहे, यंत्राचं वाचन हाताच्या तपासणीशी जुळत नाही. त्यांना सुनावणीचं दालन दिसलं, वकिलाचा चेहरा दिसला. आता तर समोर नेमका आकडा होता, आणि त्याच्या विरुद्ध त्यांच्याकडं होती ती बोटं. बाहेर पुढचा माणूस बसला होता. आवटींनी रकाना रिकामा सोडून 'सादर करा' दाबलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी मंडळाची नोटीस आली. फाउंड्रीत अपघात झाला होता. पंपाचं एक जड कास्टिंग साखळीवरून खाली घेताना दस्तगीरनं हातानं सावरून धरलं होतं. त्याची पकड सुटली. कास्टिंग घसरलं आणि शेजारी उभ्या असलेल्या काशिनाथ माळीच्या पायावर पडलं. काशिनाथचं अर्धं पाऊल कापावं लागलं. कंपनीनं दस्तगीरवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला होता. नोकरी तर जाणारच होती, पोलिसांत गुन्हाही दाखल होणार होता. कंपनीचा मुख्य पुरावा होता आवटींचा अहवाल. हात ठणठणीत असताना माल सुटला, म्हणजे माणूस बेफिकीर. परीक्षकांनी तीन आठवड्यांनी हजर राहून आपला अहवाल कायम करावा, असं नोटिशीत लिहिलं होतं.

आवटींनी नोटीस खिशात घातली आणि दिवसभर काम केलं. संध्याकाळी कृष्णाघाटावर जाऊन बसले. काशिनाथ माळीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या डोळ्यांसमोर सारखा एक पाय येत होता.

रविवारी ते यंत्राची पेटी घरी घेऊन आले. यंत्र बिघडलेलं असावं, अशी त्यांना आशा होती. बिघडलेलं निघालं तर सगळा दोष त्याचा. सकाळी दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. तिथं त्यांनी चकती लावून पाहिली. एवढ्याशा जखमेचे यंत्रानं सदतीस दाखवले. म्हणजे यंत्र ठीक होतं.

त्यांच्या पत्नी त्रिशला कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, तोही उभं राहून. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांतली गादी संपली होती. ते एक्स-रे आवटींनी स्वतः पाहिले होते. हाडावर हाड घासत होतं. सांधे बदलून घे म्हणून ते चार वर्षं मागं लागले होते आणि त्या टाळत होत्या. आवटींनी त्यांना पट्टा बांधू का म्हणून विचारलं. त्या हसून बांधा म्हणाल्या. चकती आधी गुडघ्यावर लावली, मग दंडावर.

पडद्यावर अकरा आले.

आवटींनी विचारलं, "आत्ता दुखत नाहीये का गुडघा?"

"दुखतोय की. सकाळी उठल्यापासून दुखतोय."

"हे अकराच दाखवतंय."

"अहो, ते दुखणं आता घरातलंच झालंय," त्रिशला म्हणाल्या. "घरातल्या माणसाकडं कोण दचकून बघतं?"

त्यांनी पट्टा काढून ठेवला आणि पुन्हा कोथिंबीर हातात घेतली. आवटी तिथंच बसून राहिले. यंत्र काय मोजतं ते त्यांना आता लख्ख समजलं होतं. ते दुखणं मोजत नव्हतं. मेंदू दुखण्याला किती दचकतो, ते मोजत होतं. नव्या जखमेला मेंदू दचकतो. हौसाबाईंच्या मानेचं दुखणं थांबून थांबून यायचं, म्हणून प्रत्येक वेळी नवं असायचं. पण जो माणूस रोज, वर्षानुवर्षं, दुखत्या हातानं काम करतो त्याचा मेंदू ती हाक ऐकून घ्यायचं सोडून देतो. इचलकरंजीत मागावाल्यांच्या घरात चोवीस तास खडखडाट असतो, त्यात पोरं गाढ झोपतात आणि माग बंद पडला की जागी होतात. तसंच हे. दुखणं तिथंच असतं. आतल्या आत नस मरत असते. यंत्र मात्र शांतता ऐकतं. म्हणजे ज्यानं जास्तीत जास्त सोसलं, त्याचा आकडा कमीत कमी.

सोमवारी त्यांनी यंत्र बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत फोन लावला. एका तरुण अभियंता बाईंनी तो घेतला. आवटींनी बऱ्याच तिखट भाषेत आपला शोध सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की हे त्यांना चाचण्यांतच आढळलं होतं, आणि माहितीपुस्तिकेत त्याबद्दल स्पष्ट सूचना आहे. पंधरा वर्षांहून जास्त काळ तेच काम करणाऱ्याच्या बाबतीत वेदनांक फसवा असू शकतो, परीक्षकानं हातानं तपासून आपलं मत नोंदवावं. प्रशिक्षणाच्या वेळी प्रत्येक परीक्षकाकडून ती सूचना वाचल्याची सही घेतली होती.

"सर, म्हणूनच तर शेऱ्याचा रकाना ठेवलाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. त्यामुळे ते आणखी लागलं.

आवटींनी कपाटातून पुस्तिका काढली. सूचना होती. सहीसुद्धा होती, त्यांचीच. प्रशिक्षण संपवून जेवायला जायच्या घाईत केलेली. पुढचे दोन दिवस त्यांनी आपले जुने अहवाल काढून वाचले. पंधरा वर्षांहून जास्त काम, वेदनांक विसाच्या खाली आणि शेरा रिकामा, असे त्रेचाळीस लोक निघाले. काहींचे चेहरे त्यांना आठवले. बऱ्याच जणांचे आठवले नाहीत, आणि ते न आठवणं जास्त वाईट होतं. त्या त्रेचाळीस जणांचे हातपाय त्यांनी हातात तरी धरले होते का, की सरळ पट्टाच बांधला होता, हेही त्यांना सांगता येईना.

दस्तगीरच्या बाबतीत मात्र तेवढीही पळवाट नव्हती. तिथं त्यांनी हात धरला होता.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी त्रिशलांना सगळं सांगितलं. नोटीस, काशिनाथचा पाय, पुस्तिका. वकिलाचं ते जुनं वाक्यही पहिल्यांदाच सांगितलं. सुनावणीत नुसतं 'यंत्राचं वाचन बरोबर नोंदवलं होतं' एवढं म्हटलं तरी ते खोटं ठरणार नाही, असंही सांगितलं. खरं बोललं तर आपले सगळेच अहवाल संशयात येतील, ज्यांना त्यातून न्याय मिळाला त्यांचेसुद्धा.

त्रिशलांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?"

"हो," ते म्हणाले.

त्रिशला उठल्या आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. त्या भिंत धरून चालतात हे आवटींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हाडांचे डॉक्टर होते ते.

सुनावणी सांगलीला झाली. दस्तगीर मागच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. आवटींकडं त्यानं एकदाच पाहिलं आणि ओळख दिल्यासारखी मान हलवली. कंपनीच्या वकिलांचं नाव देशिंगकर होतं. ते मृदू बोलणारे गृहस्थ होते. वेदनांक चौदा हे वाचन आपण दोनदा घेतलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. आवटी हो म्हणाले. यंत्रात बिघाड नव्हता ना? नव्हता. मग अहवाल कायम समजायचा का?

"नाही," आवटी म्हणाले. "आकडा बरोबर आहे. अहवाल चूक आहे."

मग त्यांनी अंगठ्याच्या मुळाचा खळगा सांगितला, नखं सांगितली, थांबलेला श्वास सांगितला, शर्टाची टिच बटणं सांगितली. सरावलेल्या दुखण्याला यंत्र कसं फसतं तेही सांगितलं. या माणसाची पकड अपघाताच्या पाच महिने आधीच गेलेली होती, निष्काळजीपणाचा प्रश्नच येत नाही, असं ते म्हणाले. बोलताना त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

देशिंगकरांनी चष्मा काढून पुसला. "हे सगळं तुम्हाला आज सुचलं?"

"नाही. तपासलं त्याच दिवशी कळलं होतं."

"मग शेरा का लिहिला नाहीत?"

आवटींनी उत्तराची तयारी केली होती. कामाचा बोजा, नव्या तंत्रावरचा विश्वास, अशी वाक्यं होती त्यात. उभं राहिल्यावर त्यांनी ती सगळी बाजूला ठेवली.

"तुम्ही लोक हसाल म्हणून," ते म्हणाले.

या वेळी दालनात कुणी हसलं नाही. अध्यक्ष बाईंनी लेखनिकाला हे वाक्य जसंच्या तसं नोंदवायला सांगितलं. देशिंगकरांनी शेवटचा प्रश्न विचारला. ज्या परीक्षकानं एका अहवालात कळलेली गोष्ट लपवली, त्याच्या बाकीच्या अहवालांवर का विश्वास ठेवावा? आवटी म्हणाले की ठेवू नये. पाठीमागं कुणीतरी खुर्ची सरकवली. ते बाकावर परत येऊन बसले. मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

महिनाभरानं निकाल लागला. दस्तगीरवरचा निष्काळजीपणाचा ठपका काढून टाकला गेला आणि त्याच्या हाताची नव्यानं तपासणी करायचं ठरलं. आवटींचं नाव यादीतून कमी झालं. त्यांचे सगळे अहवाल फेरतपासणीला गेले. फेरतपासणी होईपर्यंत ज्यांना मदत मिळत होती त्यांची ती थांबली. हौसाबाई कोळेकरांचीही थांबली. त्यांच्या जावयाचा फोन आला. तो रागावून बोलेल असं आवटींना वाटलं, पण त्यानं एवढंच विचारलं की आत्यांचं एकाहत्तर तरी खरं होतं ना. आवटींनी हो म्हणून सांगितलं, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आता आपण हो म्हटल्यानं काही होत नाही.

त्याच आठवड्यात दस्तगीर त्यांच्या घरी आला. दारातच उभा राहिला. आवटींनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. माफी मागायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण दस्तगीर आधी बोलला. त्याला काहीतरी मागायचं होतं, आणि ते मागताना तो फार अवघडला होता.

"साहेब, तुमच्यावर राग नव्हता माझा. मला वाटलं मीच खोटा," तो म्हणाला. "मशीन चौदा म्हणतंय तर मग हे मला दुखतंय ते काय आहे? मनाचे खेळ असतील. मग मी घरात बोलायचंच बंद केलं. काशिनाथच्या घरी गेलो तेव्हाबी सांगितलं त्याला, हात चांगला होता, मीच मन लावून धरलं नसेल. तेवढं तुम्ही घरी येऊन सांगाल का? माझ्या बायकोला? मी सांगितलं तर तिला वाटंल, बनवून सांगतोय."

आवटी लगेच निघाले. दस्तगीरचं घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेरच्या खोलीत त्याची बायको शमशाद साड्यांना फॉल लावत बसली होती. डॉक्टर आलेले पाहून ती उठली, साड्यांचा ढीग बाजूला सारला आणि त्यांना बसायला जागा केली. आवटी बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. दस्तगीरचा हात त्या वेळीच खराब झालेला होता, तो खरं बोलत होता, मला ते कळलं होतं आणि मी ते लिहिलं नाही.

शमशाद ऐकत होती. मग तिनं नवऱ्याकडं न बघता सांगितलं की तिनंही त्याला कमी बोललं नव्हतं. घरात हातातून काही सुटलं, कपबशी फुटली, की ती त्याला 'चौदा नंबर' म्हणायची. चौदा नंबर, नीट धरा की. आधी थट्टेत, मग रागात. पोरीसुद्धा म्हणायला लागल्या होत्या. एवढं सांगून तिनं पदर तोंडाला लावला. दस्तगीर दाराच्या चौकटीकडं बघत राहिला.

मग पदराआडूनच तिनं विचारलं, "आता नीट होईल का हात?"

आवटींना वाटलं, फेरतपासणी होऊ दे, मग बघू, असं सांगावं. तसं सांगणं खोटंही नव्हतं. त्यांनी दस्तगीरला हात पुढं करायला सांगितला आणि तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. खळगा आता जास्त खोल झाला होता. तर्जनीचं टोक दाबलं तरी त्याला कळत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही होणार. मी तपासलं तेव्हा काम थांबवलं असतं तर निम्मा तरी वाचला असता."

दस्तगीरनं हात काढून घेतला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "निम्मा म्हणजे?"

"बटण लावता आलं असतं. भाकरी मोडता आली असती."

गल्लीतून एक रिक्षा गेली. शमशादनं पदर खाली घेतला. तिचा आवाज आता बदललेला होता.

"हे तुम्ही तिथं सांगितलं का, सांगलीला?"

"नाही. तिथं अपघाताचा विषय होता. हे कुणी विचारलं नाही."

"मग जाऊन सांगा," ती म्हणाली. "कुणी विचारायची वाट नका बघू."

ती पुन्हा साड्यांपाशी बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दस्तगीर डॉक्टरांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉ. आवटी सांगलीला मंडळाच्या कार्यालयात गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं तीन पानं लिहून आणली होती. तपासणीची तारीख, काय आढळलं होतं, काय लिहायला हवं होतं आणि ते न लिहिल्यानं त्या हाताचं काय झालं. तक्रारीच्या खिडकीवर चार माणसं होती, ते रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा आतल्या कारकुनानं कागद न वाचताच पडद्यावर अर्ज उघडला आणि तक्रारदाराचं नाव विचारलं. आवटींनी सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"भूपाल शांतिनाथ आवटी."

कारकुनानं मान वर केली. "ते तुमचं झालं, साहेब. ज्याच्याविरुद्ध आहे त्याचं नाव सांगा."

"तेच लिहा," डॉक्टर म्हणाले.